भाग दुसरा

पहिल्या भागात मी मेलो होतो,
काळ्या वाळूत, डाव्या कुशीवर,
तोंडात मक्याच्या पाकाचं गोड रक्त.
चार वर्षांनी फोन आला:
केटिल, मंगळवारी मोकळा आहेस का?
म्हटलं, बाई, मी तर गेलोय ना.
पलीकडून हसू आलं.
शिरस्त्राण घातल्यावर कोण ओळखतंय?

तर मंगळवारी पहाटे पाचला
मी शाळेच्या व्यायामशाळेत जिवंत झालो.
रांगेत निम्मं गाव. पोस्टातला कोल्बेन,
बेकरीवाली हाल्बेरा, तिला दाढी चिकटवलेली,
आणि दोघे सख्खे भाऊ, ज्यांचं कुंपणावरून बोलणं बंद आहे,
एकाच ढालीमागे.

देव आला कॅलिफोर्नियाहून.
ज्यानं लांडग्याच्या जबड्यात हात दिला, तो देव;
कॉमिकमध्ये त्याला चांदीचा हात आहे,
खऱ्यात हिरवा मोजा, कोपरापर्यंत.
नंतर कॉम्प्युटरवर पुसतात म्हणे.
थंडीनं कुडकुडत होता बिचारा.
शॉट संपला की त्याच हिरव्या हातानं
मटणाचं सूप प्यायचा.

वडील सांगायचे, लांडग्याला बांधायला
साखळ्या पुरल्या नाहीत,
मग बुटक्यांनी एक फीत विणली
नसलेल्या गोष्टींची:
मांजराच्या पावलांचा आवाज, माशाचा श्वास,
डोंगराची मुळं, बाईची दाढी.
हाल्बेराकडे बघून मला हे आठवलं
आणि मी मरता मरता हसलो. रीटेक.

दुपारी मॉइरा आली, हातात पहिल्या भागाचे फोटो.
कशाचं कशाशी जुळतं ते बघणं, हे तिचं काम.
माझा पट्टा जुळला. भाला जुळला.
मग तिनं माझ्या मागे पाहिलं.
इथे बर्फ होता, ती म्हणाली,
या खडकापर्यंत.
आणि माझ्याकडे असं बघितलं
जसा मीच तो विकून खाल्ला.

त्या खडकावर लाल रंगाची खूण आहे, वडिलांची.
दर सप्टेंबरात तिथून हिमनदीच्या तोंडापर्यंत
टेपनं मोजायचं, वहीत लिहायचं.
आता वही माझ्याकडे आहे.
दोनशे दहा मीटर, मी सांगितलं,
तुमच्या पहिल्या भागापासून.
तिनं लिहून घेतलं. पुन्हा विचारलं, दोनशे दहा?
मग पेन खिशात ठेवत म्हणाली,
हरकत नाही, नंतर घालू.

आणि घातला.
फेब्रुवारीत समाजमंदिरात पडदा लागला,
पोरं खुर्च्यांवर उभी राहून ओरडत होती,
हिमराक्षस एकेक करून फुटत होते,
देवाचा चांदीचा हात लखलखत होता,
आणि मी, या वेळी उजव्या कुशीवर,
पावणेदोन सेकंद मेलो.
मी स्वतःकडे पाहिलंच नाही.
माझ्यामागे तो होता, निळा, अख्खा,
थेट खडकाला टेकलेला,
अगदी लहानपणी वडिलांचं बोट धरून पाहिला तसा.
मांजराच्या पावलांचा आवाज. माशाचा श्वास.

मागच्या रांगेतून म्हातारा सिग्मार
बहिऱ्या माणसाच्या कुजबुजीत म्हणाला,
चुकलंय. थोडा डावीकडे होता.
कोणी त्याला गप्प केलं नाही.

शेवटी नावं वर सरकू लागली, हजारो नावं,
बर्फ बनवणाऱ्यांची एक अख्खी रांग,
सूप देणाऱ्याचंही होतं. आमची नव्हती.
तरी कोणी उठेना, कारण पोरांना माहीत होतं
सगळ्यात शेवटी काहीतरी असतं.
होतं. काळोखात लांडग्यानं
एक डोळा उघडला.

या सप्टेंबरात लेक आली बरोबर, रून.
खूण खरवडून नवा लाल रंग दिला.
टेप संपली, बर्फ पुढेच होता,
म्हणजे मागेच.
मग गवताच्या गठ्ठ्याची निळी दोरी जोडली.
रून विचारते, गाठीत गेलेली दोरी
मोजायची की सोडायची?
वही चाळली, पहिल्या पानापासून.
वडिलांनी हे कुठंच लिहिलेलं नाही.