बैल उठला नाही

सोळा पानांचं पुस्तक, मधोमध दोन पिना.
अलिबागच्या छापखान्यात पिटकर विचारतात,
"बाई, यंदा कोणता देव?"
तोच. आमच्याकडे एकच आहे,
आणि त्याचं चित्र काढायचं नाही.
ते चष्मा कपाळावर ढकलतात.
"मग मुखपृष्ठावर घ्यायचं काय?"

बैल घ्या, म्हटलं.

मागच्या पुस्तकात आई होती,
एलियाहू हन्नाबीच्या मलिद्यासाठी
पोहे भिजवणारी, वेलची कुटता कुटता
आम्हाला ताटापासून हाकलणारी.
त्याआधी आत्या: शुक्रवारी काळ्या मनुका कुस्करून
किद्दुशचा रस गाळायची, फडकं जांभळं व्हायचं.
घरातली माणसं एकेक करून पुस्तकांत गेली.
उरलेली विमानाने.
अश्दोद, लोद, दिमोना ही गावं मला
टपालाच्या शिक्क्यांवरून पाठ आहेत.

यंदा बाबांची पाळी.

शनवार तेल्याचं घर आमचं,
शनवारी घाणा बंद, बैल मोकळा.
पण एक वर्ष फार वाईट गेलं.
चौलच्या व्यापाऱ्याला तेल त्याच दिवशी हवं होतं.
बाबा पहाटे जू घेऊन गोठ्यात शिरले,
जन्मात पहिल्यांदा.
बैल उठला नाही.
शेपटी पिळली. नावाने हाक मारली. हात जोडले.
बैल उठला नाही.
तेव्हा बाबा तिथंच शेणात बसले म्हणे,
आणि म्हणाले, जनावराला कळतं
ते मला कळू नये?

चाळीस वर्षं ही गोष्ट मी शाळेत सांगितली,
रेवदंड्याच्या कोळ्या-आगऱ्यांच्या, मोहल्ल्यातल्या पोरांना.
कुणी शंका घेतली नाही.
बैल अडून बसतात, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

छपाईआधी हस्केलला फोनवर वाचून दाखवली.
धाकटा भाऊ. मराठी आता
फक्त माझ्याशी बोलतो, आणि बहुधा स्वप्नात.
बराच वेळ गप्प. मला वाटलं, फोन कटला.
मग म्हणाला,
"गो बाय, तो उठणार कसा?
रात्री मी अख्खी टोपली पेंड चारली होती त्याला.
एवढा एकच दिवस बाबा मला बंदरावर न्यायचे.
हात धरून.
शनवारीसुद्धा हाताला तिळाचा वास यायचा."

साठ वर्षं गिळून बसला होता.
बैलापेक्षा जास्त.

पान अकरावर मी लिहिलं होतं:
देवाने बैलाला थांबवलं.
'देवाने' खोडलं.
पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं.
नऊ वर्षांचं पोर अंधारात टोपली ओढत नेतंय,
कडी वाजू नये म्हणून दात आवळून,
आणि घरात कुणालाच जाग नाही.
खरंच कुणालाच नाही?
खोडरबराने कागदाला भोक पडलं
तरी ते वाक्य काही बसेना.

चित्रं मुबीना काढते, चौलची.
तिने विचारलं, गोठ्याच्या कोपऱ्यात काय दाखवू?
म्हटलं, टोपली.
"भरलेली?"
रिकामी.
"का, बाई?"
काढ गं तू.

पुस्तक आलं. तीनशे प्रती,
शाईचा वास अजून गेलेला नाही.
पान अकरावर आता एवढंच आहे:
बैल उठला नाही.
खाली भरपूर पांढरी जागा.
पिटकर म्हणाले, कागद वाया गेला.

टोपलीबद्दल कुणी विचारलं नाही अजून.
शेजारच्या नाखव्याचा नातू पायरीवर बसून
बैलाच्या वशिंडावर बोट ठेवून म्हणाला,
"ह्याचं नाव काय?"

नाव.
बाबांनी हाक मारली होती त्याला, नावाने.
गोष्टीत ती मी दरवेळी सांगत आले,
आणि नाव मला आठवत नाही.

बस रे जरा, म्हटलं.
तिकडे आता दुपार झाली असेल.
हस्केलला विचारते.