रेंजच्या बाहेर

निवृत्तीचा आज एकशे सहावा दिवस.
गोराईच्या खाडीपलीकडे
आग्नेस कोलासोच्या वाडीतल्या दोन खोल्या,
एक विहीर, सात माड,
आणि मोबाइलला रेंज फक्त विहिरीच्या काठावर,
तीही भरतीच्या वेळी, असं आग्नेस म्हणते.
मी पडताळून पाहिलेलं नाही.

एकतीस वर्षं मी इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर बसले,
तळमजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत.
कोण बोलतंय? कोण हवंय? थांबा, जोडते.
बाळंतपणं, अपघात, रक्ताच्या बाटल्या,
आणि रात्री अडीचला नेमाने फोन करणारा एकजण:
"काही नाही, बघत होतो कुणी आहे का."
त्याला मी "आहे" म्हणायचे
आणि लाइन सोडायचे.
त्यानेही कधी नाव सांगितलं नाही.
बाकी सगळे आधी नाव सांगायचे.

इथे कुणीच सांगत नाही.

सकाळी न्हाणीचं दार ढकललं
तर बादलीच्या आडोशाला घोरपड,
शेपटी धरून दोन हात.
जीभ आत, बाहेर, आत,
डोळा माझ्यावर रोखलेला,
जणू मी अर्ज घेऊन आले होते
आणि साहेब जेवायला गेले होते.
मी दार हलकेच ओढून घेतलं.
आंघोळ विहिरीवर, साडीसकट.
आग्नेस कुंपणापलीकडून हसली,
"टेलिफोनबाई, ती तुमच्या आधीची भाडेकरू.
डिपॉझिटसुद्धा दिलं नाही मेलीने!"

अकराच्या सुमाराला ओहोटी लागली.
बांधावर जरा टेकले, मीठ आणायला निघालेली मी,
तर चिखलात काहीतरी चालत होतं.
मासा. चालत.
डोळे डोक्यावर, चष्मा वर सरकवल्यासारखे.
निवटा!
जन्मभर कालवणात खाल्ला,
आईच्या हातचा, आंबटतिखट,
आणि तो चालतो हे एकसष्टाव्या वर्षी कळावं?
मग दुसरा आला. दोघांनी पाठीवरचे पर उभारले,
टिकलीएवढ्या डबक्यावरून जुंपली त्यांची.
मीठ राहिलं. आमटी अळणी झाली.

दुपारी वृंदाताईचा फोन, पुण्याहून.
मी विहिरीच्या काठावर, पदर डोक्यावर घेऊन.
"करमतं का गं तुला तिथे?
माणूस नाही, काणूस नाही, दिवसभर करतेस काय?"
तेवढ्यात माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावरून
धामण निघाली.
निघाली, निघाली, निघतच राहिली,
संपेचना.
"थांब," मी म्हणाले.
ताईला म्हणाले की तिला, अजून ठरत नाही.
ताई थांबली. धामण नाही थांबली.
शेपटीचं टोक अळवात शिरलं तेव्हा
रेंज गेलेली होती
आणि माझा एक पाय हवेत.

रात्री कोल्हे ओरडले.
पहिल्यांदा ऐकताना मला मूल रडल्यासारखं वाटलं होतं,
आता नाही वाटत.
एक इकडच्या तिवरांतून,
एक पार पलीकडून, जिथे टॉवरचे दिवे पाण्यात उतरतात.
हा विचारायचा, तो जरा वेळाने उत्तर द्यायचा.
माझा हात आपोआप कानाशी गेला.
तिथे काही नव्हतं.
एकतीस वर्षं जोडत बसले,
आणि हे मधे कुणी नसताना बोलत होते, खाडीवरून, फुकट.

पाणी प्यायला उठले. घड्याळात किती वाजले ते बघितलं नाही.
मागच्या दाराशी, आग्नेसच्या मासळीच्या पाटीपाशी
तो उभा होता.
कुत्र्याहून सडपातळ, पाय चिखलाने काळे,
तोंडात बोंबलाचं डोकं.
पळाला नाही. बघत राहिला.
मीही, हातात तांब्या, बघत राहिले.

"आहे," मी म्हणाले.

तो वळला, घाई न करता,
शेवग्याखालून तिवरांकडे गेला.
मी दार लावलं. कडी घातली नाही.

उद्या बाजारात जायचं आहे.
मीठ,
आणि दुसरी एक बादली.