तळाचा कागद

आधी वास बदलला.
कुमुद म्हणाली, गॅलरीत काहीतरी आंबलंय.
मी म्हणालो, नाल्याकडचा वारा असेल.
आमच्या गल्लीला नाला नाही.

निळ्या कडीची मादी तर खात होती,
दोघांचं एकटी खात होती.
खातेय ना, मग बरी आहे:
आमच्या घरात आजारपणाची एवढीच चाचणी,
आईपासून चालत आलेली.
हातात धरली तेव्हा कळलं.
पिसांखाली छातीचं हाड
पालथ्या होडीच्या कण्यासारखं वर आलेलं,
दोन्ही बाजूंचं मांस कुणी कोरून नेलेलं.

पाखरू आजार लपवतं, डॉक्टर चौकसे फोनवर म्हणाल्या,
जो आजारी दिसतो त्यालाच पहिलं टोचतात.
वीज मंडळात चौतीस वर्षं
मीही छाती पुढे काढूनच बसलो होतो.

सरवट्यावरून महूची बस.
पिंजऱ्यावर कुमुदची जुनी सुती साडी.
राऊ आलं तेव्हा तिनं एकदा केलं.
ताजं हवं, गरम हवं, असं बजावलेलं, म्हणून
होमिओपॅथीच्या बाटलीत भरून मी मूठ मिटली.
शेजारच्यानं विचारलं, क्या है काका?
मी म्हणालो, प्रसाद.
तो मुठीला हात लावून पाया पडला.

काचेखाली ते हलत होते.
देठ सुटलेलं पान
या कुशीवरून त्या कुशीवर होत खाली यावं तसे,
फक्त खाली येत नव्हते.
एक जण थांबला. रुंद कपाळ, दोन डोळे.
डोळे नहीं हैं वो, डॉक्टर म्हणाल्या, केंद्रक हैं.
असतील. पण त्यानं माझ्याकडे पाहिलं होतं.
कडेला बारीक काड्या वळवळत होत्या,
जिवाणू, एकाला जागा मिळाली की
मागून पथारी घेऊन येणारे.
पोटभाडेकरू, मी म्हणालो.
त्यांना मराठी येत नव्हतं. हसणारं कुणीच नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, पानी कहाँ रखते हैं?

दांडीखाली.
चौदा वर्षं, दांडीच्या बरोबर खाली,
चिनीमातीची पांढरी वाटी,
रोज सकाळी घासून, पुसून, माठातलं पाणी.
म्हणजे वरून ती टाकत होती,
खाली येऊन तेच पीत होती,
आणि तिचा आजार मी तिला
स्वच्छ भांड्यात नेमानं वाढत होतो.

कचरागाडी गाणं वाजवत आली.
मी ट्रेमधला कागद घेऊन फाटकात उभा.
कागद सुका. वर पडलंय ते ओलं.
या शहरात हा प्रश्न हसण्यावारी नेत नाहीत.
पोरानं दोन डब्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
अलग बाँध के दो काका, तीसरे में.

पाच दिवस औषध. वेलदोड्याच्या तराजूवर
तिला टॉवेलात गुंडाळून तोलायचं,
चोचीच्या कडेनं थेंब सोडायचा,
तिनं तो माझ्याच शर्टावर झटकायचा.
गुरुवारी सकाळी
पिवळ्या कडीचा नर कागदावर पडला होता.
ज्याला काही झालं नव्हतं, तो.
ज्याला मी हातात धरून पाहिलंच नव्हतं.
त्याच्याखाली कुठली बातमी होती, मी वाचली नाही.

आता रोज उजाडताना
आजचा पेपर उघडण्याआधी मी कालचा वाचतो,
चष्मा लावून, गुडघ्यांवर बसून.
हिरवी गुंडाळी. पांढरा चुना. भोवती पाण्याचा डाग.
तिन्ही वेगळे दिसले की चहा.
कुमुद म्हणते, स्वतःच्या पोराचा लंगोट
कधी असा निरखला नव्हतात.
खरं आहे.

वाटी दांडीच्या वर बांधलीय, कोपऱ्यात.
ती एकदा तिथं जाऊन आली, पाणी प्यायली.
तरीही दुपारी बघतो, तर खाली उतरलेली,
जिथं वाटी होती त्या रिकाम्या जागेत
मान घालून थांबलेली.