नाव गाळून

गुडरुन फेट्सरच्या टेबलावर एक काळं पेन असतं,
जाड टोकाचं. उजेडाशी कागद धरला तरी
खालचं अक्षर दिसत नाही.
फ्रायबुर्गमधल्या त्या तिसऱ्या मजल्यावर
आभाराची पत्रं येतात.
ती आधी गुडरुन वाचते.

आजचं पत्र एका बाईचं.
'आमच्या गच्चीवरून बंदर दिसतं': बंदर गेलं, गच्ची राहिली.
मुलीचं नाव खोडलं. मुलगी राहिली.
'चौदा मार्चला माझा पुन्हा जन्म झाला':
तारीख गेली, जन्म राहू दिला.
जन्मावरून कुणी सापडत नाही.

हे पत्र ज्याला जायचं
तो टोर्बेन, कौलं बसवणारा, सव्वीस वर्षांचा.
पाच तास खुर्चीत पडून होता,
एका दंडातून रक्त बाहेर, दुसऱ्यातून परत आत,
मधल्या यंत्राने पिशवीभर पेशी निवडून घेतल्या,
टोमॅटोच्या पातळ सारासारख्या रंगाच्या.
कायदा म्हणतो, त्यांचं मोल घ्यायचं नाही.
मिळाली ती बुडालेली मजुरी, रेल्वेचं भाडं
आणि दुपारचं जेवण, पावती दाखवून.
आपल्याकडे दानावर उदक सोडतात;
त्याने सह्या केल्या, सात ठिकाणी.

पिशवीवर नाव नाही, आकडा आहे.
तो आकडा तीस वर्षं जपायचा, हाही नियमच.
म्हणजे कागदाला सगळं ठाऊक:
कुणाचं, कुणाला, किती वाजता, कुठल्या डब्यातून.
त्या दोघांना तेवढं नाही.
बाईच्या नसांत आता टोर्बेनचा रक्तगट आहे.
रक्ताचंच नातं म्हणायचं,
पण नाव विचारायची सोय नाही.

दोन वर्षं थांबा, असं त्याला सांगितलं होतं.
ती काल पुरी झाली.
सकाळीच त्याचा फोन, बहुधा छपरावरून;
मागे वारा ऐकू येत होता.
गुडरुनने तिकडचा नियम काढून पाहिला.
तिकडे दोन वर्षं नाहीत. तिकडे कधीच नाही.
(त्या देशाचं नाव मीही इथे लिहीत नाही.)

'बरं आहे का तिकडे, एवढं तरी?'
एवढं सांगता येतं.
'बरं आहे,' ती म्हणाली.
बाईचं की बुवाचं, ते गिळलं.

मग पुन्हा पत्र. शेवटची ओळ:
'अंजिरं पिकली, यंदा मीच तोडली.'
अंजिरांवरून देश कळेल.
पेन बराच वेळ कागदावर अधांतरी.
तिने अंजिरं तेवढी खोडली;
'पिकली, यंदा मीच तोडली'
तसंच ठेवून पाकीट चिकटवलं.