रकाना सात

अर्जाची शेवटची तारीख शुक्रवार,
आणि गुरुवारी सुकती लागणार होती दुपारी तीनला.
म्हणजे बायका येणार त्या काळोख पडल्यावरच,
हे मी धरून चाललो होतो.

आल्या. पाचजणी.
चिखल गुडघ्याशी वाळलेला,
पावलं तेवढी बाहेरच्या नळावर धुतलेली,
माझ्या झेरॉक्सच्या दुकानाची फरशी खराब नको म्हणून.

संस्थेचं नाव? नाही.
नोंदणी क्रमांक? बचत गटाचा चालेल काय?
चालेल.
लाभार्थी किती?
द्वारका मेथर बोटांवर मोजू लागली, मध्येच थांबली:
"खुबे पण धरूचे काय?"

सहाव्या रकान्यापर्यंत हसतखेळत पोचलो.
सात: आपल्या प्रकल्पातील नावीन्य विशद करा.
कमाल दोनशे शब्द.

पंखा फिरत राहिला.
कालावलच्या खाडीचा एक पट्टा,
जेटीपासून पडक्या उघडीपर्यंत,
दोन वर्षं कुणी त्यात हात घालायचा नाही,
हे गावाने ठरवलेलं.
उरलेल्या पात्रात लहान खुबे परत सोडायचे, हेही.
पण लहान म्हणजे किती लहान?

तेव्हा सत्यभामा तारीने कनवटीतून काढलं
एक तांब्याचं कडं, बारशाचं.
माझी दोन बोटं जेमतेम गेली आत.
"ह्येतसून जाता तो परत खाडीत.
अडाकता तो आमचो."
कुणाचं गं हे?
"झिलाचां. आता तो गोव्याक बोटीर आसा.
मनगट बघशीत तर..."
आणि पाचहीजणी अशा हसल्या
की समोरचा सलूनवाला बाहेर येऊन बघून गेला.

मी फूटपट्टी लावली. पस्तीस मिलिमीटर.
लिहिलं: स्थानिक संसाधनांवर आधारित
अल्पखर्ची आकारमापन तंत्र.
वाचून दाखवलं.
सत्यभामा म्हणाली,
"ह्यां कोणाचां रे लिवलंस?"

कुडाळच्या हॉटेलात सादरीकरण.
प्रत्येकाला सात मिनिटं, मग घंटी.
गारठ्याने द्वारकाने पदर कानांवर ओढलेला.
परीक्षकबाईंनी मऊ आवाजात विचारलं,
हे इतर खाड्यांमध्ये राबवता येईल का?
सत्यभामाने कडं उजेडात धरलं.
"ह्यां एकच आसा. पण पोरां
सगळ्याच गावांनी जल्माक येतत मां?"

पहिला नंबर ड्रोनवाल्या पोरांचा,
आकाशातून कांदळाच्या बिया पेरणारी.
हुशार पोरं. जेवणाच्या रांगेत
त्यांनी आमच्या बायकांना पुढे घातलं.
आम्हाला प्रोत्साहनपर:
ॲक्रिलिकची एक लाट, मधोमध गोल भोक.
रकमेचा उल्लेख नव्हता, कारण रक्कम नव्हती.

परतीच्या टेम्पोत कुणी फार बोललं नाही.
द्वारका म्हणाली, पनीर बरं होतं.

दुसऱ्या दिवशी सुकतीला सत्यभामाने
त्या लाटेच्या भोकातून एक खुबा घातला.
गेला. मोठा घातला. तोही गेला.
कालव घातलं, तेसुद्धा.
"ह्येतसून सगळीच जातत गो."
मग जरा विचार करून
तिने ती लाट सुंभाने बांधली
बंद पट्ट्याच्या पहिल्या खुंटाला.
जिथून काहीच घ्यायचं नाही,
तिथलं माप.

भरतीला ती बुडते. पाणी उतरलं की दिसते,
भोकात कधी शेवाळ,
कधी एखादी कुर्ली रागाने बसलेली.

आता पुढच्या वर्षीचा अर्ज आलाय.
रकाना सात तोच, शब्द मात्र दीडशे केलेत.
मी पेन घेऊन बसलो
तर सत्यभामा म्हणते, लिव नको.
काचेर ठेव कडां, नि दाब.

ठेवलं. दाबलं.
हिरवा उजेड एकदा सरकून गेला
आणि कागद आला, गरम,
मधोमध एक गोल
आणि भोवती कोरं पान.