दोन अक्षरांची जागा

इगूमेनित्साहून बारीला जाणारी रात्रीची बोट,
डेकवरचं स्वस्त तिकीट, वाऱ्याकडे पाठ,
आई होती तोवर मांडीवर पालकाच्या पिटाची पुरचुंडी.
अशा एकतीस ऑगस्टांची बेरीज म्हणजे
अर्गिरो त्सुमानी यांचं संशोधन,
असं निरोपसमारंभात कुणी म्हणालं नाही.
तिथे म्हणाले, मौलिक योगदान.

नेपल्सला, ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर
एका ट्रेमध्ये कोळसा.
डोंगराच्या आगीनं जाळला, आणि जाळला म्हणूनच राहिला;
न जळलेली पुस्तकं केव्हाच कुजून गेली.
काळ्यावर काळी शाई.
श्वास आवरून वाचायचं,
शिंक आली तर परिच्छेद गेला.

लेखकाचं नाव उरलेलं नाही.
उरलंय अर्धं पान, त्यात एक वाक्य:
शहाणा माणूस गेलेल्यासाठी,
मग भेग,
मग 'रडतो'.

भेग दोन अक्षरांची.
ग्रीकमध्ये 'नाही' दोन अक्षरांचं,
आणि ते क्रियापदाच्या आधी येतं.
आपल्याकडे नकार शेवटी येतो,
तोवर माणूस वाक्यभर आशेवर असतो.

सव्विसाव्या वर्षी तिनं भेगेत 'नाही' बसवलं.
चपखल बसलं.
दोनशे चाळीस पानं, तळटीपा वेगळ्या.
ट्यूबिंगेनचा एक जण सहा वर्षं भांडला,
मग गप्प झाला, मग वारला.
हळूहळू 'नाही'भोवतीचे चौकोनी कंसही गळाले,
मुलं परीक्षेत बिनदिक्कत लिहू लागली:
शहाणा रडत नाही.

आई डोंगरातल्या गावची, अंगठा उठवणारी.
पण मयताची गाणी तिला शेकड्यांनी पाठ.
कुणाकडे कुणी गेलं की हिला बोलावणं;
काळा रुमाल बांधून निघायची,
घरच्यांना रडू फुटत नसेल
तर फोडून यायची.
एकदा मटार सोलताना तिनं विचारलं,
'तुझा तो माणूस म्हणतो तरी काय?'
'म्हणतो, शहाणा मेलेल्यासाठी रडत नाही.'
आईनं एक शेंग सोलली. आणखी एक.
'मग त्याला पुरलं कुणी?'

अर्गिरोनं हे कुठेच नोंदवलं नाही.
संदर्भ देणार कसा?

आई गेली त्या मार्चमध्ये
दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं आली होती.
गावच्या बायका रात्रभर गायल्या.
ही दारात उभी, डोळे कोरडे,
डोक्यात पान एकशे बारावरचा स्वल्पविराम.

मग ते नवं यंत्र आलं,
डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचं.
चालवणारा चिरो, कानात वाळी, वय तिच्या प्रबंधाहून कमी.
'प्रोफेसोरेसा, इकडे बघा.'
भेगेच्या दोन्ही काठांवर शाईचा कणही नाही.
तडा जाण्याआधीच तिथला धागा उसवला होता.
लेखनिकानं खराब जागा पाहिली,
बोरू उचलला,
पलीकडे टेकवला.
तिथे काही लिहिलंच नव्हतं.
कधीच.

ती हसली, असं चिरो सांगतो.
मग यंत्र नीट लावलंय का म्हणून
त्याच्यावर उगाच खेकसली,
खाली जाऊन उभ्यानं कॉफी प्यायली, साखर विसरून.

दुरुस्ती दीड पानाची.
'मी चुकले' म्हणायची त्या नियतकालिकात रीत नाही;
'पूर्वीचं पूरण आता टिकत नाही', एवढंच.
खाली आभार: चिरोचे,
आणि एका बाईचे. पदवी नाही, संस्था नाही.
संपादकानं विचारलं, ह्या कुठल्या विद्यापीठाच्या?
तिनं गावाचं नाव कळवलं.

परतीच्या बोटीवर आईचं एक गाणं आठवून पाहिलं.
पहिली ओळ आली.
दुसरीच्या जागी इंजिनाची घरघर.
शेजारी एक ट्रकवाला झोपलेला, बूट उशाशी.
तिनं पहिलीच पुन्हा म्हटली, हलक्या आवाजात,
मग उसवलेली जागा सोडली,
आणि पलीकडे जिथून आठवत होतं
तिथून धरलं.