दहिवर

मार्गशीर्ष लागला की बाबा सकाळी सकाळी
माझ्या स्कुटीपुढे उकिडवे बसतात
आणि टायरच्या खाचेत रुपयाचं नाणं उभं घालून पाहतात.
"बुडते का?" मी विचारते.
"थोडासा."

सतरा हिवाळे त्यांनी वरुडची संत्री
बनिहालच्या वर नेली.
तिथं म्हणे चाकाला साखळी बांधतात.
"पांढरा बरफ बरा, बाई. दिसते तरी.
पण काचावानी गोठते ना, ते
रस्त्यासारखंच दिसते.
आन् थंडीनं रबर असं होते"
म्हणत ते नखानं दार वाजवतात.

आपल्याकडे कुठला बर्फ, बाबा?
इथली थंडी म्हणजे तुरीवर धुकं,
चुलीत पऱ्हाट्या,
शालीतून हात न काढता हजेरी देणारी पोरं.

काल जिनिंगच्या वळणावर
ट्रॅक्टरांनी शेतातून आणलेली काळी माती
डांबरावर चोपडली होती,
तिच्यावर रात्रभराचं दहिवर.
मी ब्रेक दाबला.
चाक थांबलं.
गाडी नाही.

ओल्या तुरीत उभं राहून
पहिल्यांदा नीट पाहिलं मागचं टायर:
मधोमध गुळगुळीत,
कित्येक वर्षं टाकी न लावलेल्या पाट्यासारखं.
घरी काही सांगितलं नाही.

आज बाबांनी नाणं काढलंच नाही.
मडगार्डखालची माती खरवडली,
बोटांत चुरली,
माझ्या कोपराकडे एकदा पाहिलं
आणि चपला घालत म्हणाले,
"चाल, इसाकभाईनं दुकान उघडलं असन."